आर्कियांचे रायबोसोम: ७०एसचं पीक कुठे हरवतं?

आर्किया म्हणजे जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या घराण्यातले एकपेशी सूक्ष्मजीव, आणि रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणारा कण. प्रश्न थोडक्यात असा. ई. कोलाय या जीवाणूसाठी रुळलेली रायबोसोम वेगळे काढण्याची पद्धत (२० मिलिमोलर ट्रिस, १० मिलिमोलर मॅग्नेशियम, १०० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड, ४ अंशांवर १० ते ४० टक्के सुक्रोज ग्रेडियंट, म्हणजे तळाकडे दाट होत जाणारं साखरेचं द्रावण) जशीच्या तशी दोन आर्कियांवर वापरली. हॅलोफेरॅक्स वोल्कानायच्या ग्रेडियंटमध्ये वरच्या टोकाला नुसता पसरट ढीग आला, पीक (आलेखातलं शिखर) एकही नाही. सल्फोलोबस ॲसिडोकॅल्डेरियसमध्ये ३०एस आणि ५०एस (रायबोसोमचे सुटे दोन भाग) स्वच्छ दिसले, पण ७०एस (जोडलेला पूर्ण रायबोसोम) जवळजवळ नाहीच. त्याला जोडून उपप्रश्न: पुस्तकात तर आर्कियांचे रायबोसोम जीवाणूंसारखेच ७०एस असतात असं लिहिलेलं असतं, मग जीवाणूंची पद्धत का चालू नये?

उपप्रश्न आधी घेतो, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

७०एस हा आकडा कण किती वेगाने तळाशी बसतो ते सांगतो, तो कुठल्या घराण्यातला आहे ते सांगत नाही. ३०एस आणि ५०एस हे दोन भाग, त्यांत १६एस, २३एस आणि ५एस असे तीन आरएनए, इथपर्यंत माप जीवाणूंशी जुळतं. पण घराणं वेगळं आहे हे याच १६एस आरएनएने दाखवलं. १९७७ मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १६एस आरएनएचे एन्झाइमने केलेले तुकडे ताडून पाहिले, तेव्हा मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव जीवाणूंपासून फार दूर पडले. १९९० मध्ये तीन अधिक्षेत्रांची मांडणी आली. प्रथिनांची यादी तर याहून बोलकी आहे. साधारण ३४ रायबोसोमल प्रथिनं तिन्ही घराण्यांत सापडतात. त्याशिवाय सुमारे ३३ प्रथिनं फक्त आर्किया आणि दृश्यकेंद्रकी (आपल्यासारख्या, केंद्रक असलेल्या) पेशी यांच्यात सामायिक आहेत. आर्किया आणि जीवाणू या दोघांतच आहे आणि दृश्यकेंद्रकींत नाही, असं रायबोसोमल प्रथिन एकही नाही. म्हणजे सांगाडा जीवाणूंच्या मापाचा आणि त्यावरचे अवयव आपल्या पेशींच्या वळणाचे.

कामाची रीतही तशीच मिश्र. एम-आरएनएला टोपी नसते, १६एसच्या ३' टोकाला शाइन-डालगार्नोशी (एम-आरएनएवर रायबोसोमला सुरुवातीची जागा दाखवणाऱ्या छोट्या क्रमाशी) जुळणारा क्रम असतो, एकाच एम-आरएनएवर अनेक जनुकं असतात. हे सगळं जीवाणूंसारखं. पण सुरुवातीच्या मेथिओनिनवर फॉर्मिल गट नसतो, आणि सुरुवात करून देणारे घटक म्हणजे एआयएफ१, एआयएफ१ए, तीन उपएककांचा एआयएफ२, एआयएफ५बी. थांबवायला तिन्ही स्टॉप कोडॉनसाठी एकच एआरएफ१, आणि रायबोसोमचे दोन भाग पुन्हा सुटे करायला एबीसीई१. त्यात हॅलोफेरॅक्स आणि सल्फोलोबस या दोघांतही निम्म्याहून जास्त एम-आरएनए ‘बिनशेंड्याचे’, म्हणजे थेट एयूजी या सुरुवातीच्या कोडॉनपासूनच सुरू होणारे असतात. तेव्हा शाइन-डालगार्नो क्रम असलेला एकच नमुना घेऊन चाचणी उभी करायची आणि ‘हा जीव असा वाचतो’ असा निष्कर्ष काढायचा, ही घाई ठरते. दोन्ही प्रकारचे नमुने घ्या.

आता पद्धतीचं सूत्र. बफर बनवताना जीव कुठे राहतो ते बघू नका, त्याच्या पेशीच्या आत काय आहे ते बघा. सल्फोलोबस पीएच ३ च्या आम्लात वाढतो, पण त्याच्या आतला पीएच ६.५ च्या आसपास असतो. हॅलोफेरॅक्स सोडियम क्लोराइडमध्ये वाढतो, पण आत पोटॅशियम साठवतो. तुमच्या दोन्ही अडचणी यातून निघतात, फक्त वेगवेगळ्या वाटांनी.

हॅलोफेरॅक्सपासून सुरुवात करू, कारण तिथलं नुकसान भरून न येणारं आहे. हॅलोआर्कियांच्या (हॅलोफेरॅक्ससारख्या मीठप्रिय आर्कियांच्या) पेशीत पोटॅशियम काही मोलर इतकं असतं आणि त्यांची प्रथिनं त्याला सरावलेली, पृष्ठभागावर ॲस्पार्टेट-ग्लुटामेटची दाटी असलेली, म्हणजे ऋणभारित असतात. आरएनएही ऋणभारित. हे दोघे एकमेकांना चिकटून राहतात ते मिठाने मधला भार झाकला म्हणून. १०० मिलिमोलरच्या बफरमध्ये पेशी फुटल्या की तो आडोसा गेला. रायबोसोमची बरीच प्रथिनं सुटतात, उरलेला आरएनए फुगतो आणि ग्रेडियंटच्या वर पसरतो. तुमचा पसरट ढीग तो हाच. नंतर मीठ वाढवून तो पूर्ववत होईल अशी आशा धरू नका, नवी पेशी घ्या.

वाढ ४५ अंशांवर, सुमारे १८ टक्के मिठाच्या पाण्यातल्या माध्यमात, ६०० नॅनोमीटरला ०.५ ते ०.८ घनतेपर्यंत. त्यापुढे गेलात तर स्थिर अवस्थेतल्या पेशींत पॉलिसोम (एकाच एम-आरएनएवर ओळीने बसलेले रायबोसोम) कमी मिळतात. पेशी धुवायच्या त्या त्याच मिठाच्या पाण्यात. फॉस्फेट सलाइनने धुतल्या तर त्या नळीतच फुटतात आणि सुपरनेटंट (वरचं द्रव) चिकट, गुलाबीसर होतं. तो रंग बॅक्टेरिओरुबेरिन या कॅरोटिनॉइडचा. अनेक जण इथेच अर्धा नमुना गमावतात आणि दोष अल्ट्रासेंट्रिफ्यूजला देतात.

फोडण्याचा बफर: पोटॅशियम क्लोराइड ३ ते ३.४ मोलर, मॅग्नेशियम ॲसिटेट ६० ते १०० मिलिमोलर, ट्रिस १० मिलिमोलर पीएच ७.६, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ६ मिलिमोलर. पोटॅशियमऐवजी सोडियम टाकून भागत नाही का? नुसती रचना टिकवायची असेल तर काही अंशी भागतं: हॅलोआर्क्युला मॅरिसमॉर्टुई या दुसऱ्या मीठप्रिय आर्कियाच्या ५०एसचे प्रसिद्ध स्फटिक पोटॅशियमच्या नव्हे, मुख्यतः सोडियम आणि अमोनियमच्या क्षारांत, एकूण साधारण २ मोलरला ठेवले जात. पण रायबोसोमने काम करायला हवं असेल तर पोटॅशियमच. टिकणं आणि चालणं या दोन वेगळ्या अटी आहेत, आणि प्रयोगाच्या वहीत त्या वेगळ्याच लिहाव्यात. बफरमध्ये फॉस्फेट मात्र नको, इतक्या मॅग्नेशियममध्ये त्याचा गाळ बसतो.

पेशी फोडायच्या त्या सोनिकेटरने, बर्फावर, छोट्या छोट्या फेऱ्यांत. पाणी टाकून फोडणं फार सोपं आहे, म्हणूनच तो मोह टाळा. डीएनएझ-१ हे डीएनए तोडणारं एन्झाइम इतक्या मिठात जवळजवळ गप्प बसतं, त्यामुळे डीएनएचा चिकटपणा सोनिकेशननेच मोडावा लागतो. मग ३०,००० जी ला अर्धा तास फिरवून कचरा काढायचा.

ग्रेडियंटमध्ये एक अडचण येते, ती पद्धतींच्या लेखांत सहसा लिहिलेली नसते. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड म्हणजे लिटरला २२४ ग्रॅम. साध्या पाण्यात ते ४ अंशांना विरघळलेलं राहतं. पण लिटरमध्ये ३०० ग्रॅम सुक्रोज आलं की पाणी उरतं जेमतेम ७२५ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅम पाण्याला सुमारे ३१ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. विद्राव्यता ० अंशाला २८, १० अंशांना ३१, २० अंशांना ३४. याचा अर्थ ३० टक्क्यांचा थर शीतगृहात ठेवला की त्यात स्फटिक पडणार. कधी ते डोळ्यांना दिसतात, कधी फिरवताना तळाशी साचतात आणि नळ्यांचा तोल जातो. १.१ मोलर सुक्रोजची गादी (ज्यातून रायबोसोम खाली काढतात तो दाट थर) तर याहून वाईट. म्हणून ग्रेडियंट १० ते ३० टक्क्यांपेक्षा चढा करू नका, गादीसाठी २० टक्के पुरे, आणि सेंट्रिफ्यूज ४ ऐवजी १५ ते २० अंशांवर चालवा. इतक्या मिठात तळाच्या द्रवाची घनता १.२५ ग्रॅम प्रति मिलीपर्यंत जाते. बहुतेक रोटरचा कमाल वेग १.२ घनतेपर्यंतच्या द्रवासाठी दिलेला असतो. त्यावर गेलात तर कमाल वेगाला १.२ भागिले घनता याच्या वर्गमूळाने गुणून तो खाली आणायचा. फरक २ टक्क्यांचाच पडतो, पण रोटर त्या २ टक्क्यांना क्षमा करत नाही.

वेळ किती? दाट द्रवात कणाला उचलून धरणारा जोर वाढतो, त्याने वेग पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त घटतो. उलट १५ अंशांना पाणी ४ अंशांपेक्षा बरंच पातळ असतं, त्याने वेग वाढतो. दोन्ही परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात. पहिली फेरी नेहमीच्याच वेगाने नि वेळेने करा, मग पीक बघून वेळ बदला. आणि पीक जिथे यायला हवं तिथे आलं म्हणून त्याला ७०एस म्हणू नका. ग्रेडियंटच्या प्रत्येक फ्रॅक्शनमधला (वेगळ्या काढलेल्या भागातला) आरएनए काढून डिनेचरिंग जेलवर चालवा. सुमारे १.५ आणि २.९ किलोबेसच्या दोन्ही पट्ट्या एकाच फ्रॅक्शनमध्ये सोबत आल्या तर ते ७०एस. नुसती मोठी पट्टी म्हणजे ५०एस. हॅलोआर्क्युलासोबत काम असेल तर हेही लक्षात ठेवा की तिच्यात रायबोसोमल आरएनएचे तीन ओपेरॉन (एकत्र वाचल्या जाणाऱ्या जनुकांचे गट) आहेत आणि त्यांतले १६एस एकमेकांशी शंभर टक्के जुळत नाहीत. क्रम काढताना दिसणारी दुहेरी शिखरं नमुन्यातली भेसळ नसून त्या जीवाचीच ठेवण आहे.

आरएनए काढताना मिठाचे आणखी तीन सापळे. एसडीएस (प्रथिनं उलगडणारा साबणासारखा पदार्थ) टाकलंत तर पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा दह्यासारखा पांढरा गाळ पडेल. सरळ इथेनॉल टाकलंत तर आरएनएपेक्षा मीठच जास्त खाली बसेल. आधी १० पट पाण्याने पातळ करा, मग इथेनॉल. पर्क्लोरिक आम्ल तर नकोच, पोटॅशियम पर्क्लोरेट विरघळत नाही. प्रथिनांच्या जेलसाठी ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने गाळ काढून तो नीट धुवायचा. तरीही ही आम्लधर्मी प्रथिनं जेलवर आपल्या वस्तुमानापेक्षा वर अडकलेली दिसतात. पट्टी २० ऐवजी २८ किलोडाल्टनला दिसली म्हणून लगेच चुकीचं प्रथिन ठरवू नका, वस्तुमान स्पेक्ट्रोमेट्रीवर भरवसा ठेवा.

आता सल्फोलोबस. तिथे काहीही मोडलेलं नाही. तुमचे ३०एस आणि ५०एस उत्तम आहेत. ते एकत्र बांधलेले राहिले नाहीत इतकंच. या गटात दोन भागांची जोडी मुळातच सैल असते, आणि ती टिकवायला मॅग्नेशियमबरोबर पॉलिअमाइन (धनभारित छोटे रेणू) लागतात. पेशीत स्पर्मिन, थर्मिन अशी लांब पॉलिअमाइन असतात. पेशी फोडून २ मिली बफरमध्ये मिसळल्यावर ती पातळ होऊन जातात. वर तापमान ४ अंश. ज्या जोडीला ७५ अंशांची सवय आहे ती बर्फावर जुळत नाही. त्यातून अतिवेगात तळाशी पडणारा द्रवाचा दाब सैल जोड्या आणखी उकलतो, हे जीवाणूंच्या रायबोसोमबाबतही माहीत आहे.

पद्धत अशी. पेशी पीएच ३ च्या माध्यमात ७५ अंशांवर वाढवून, ०.४ ते ०.६ घनतेला, झटकन थंड करून गोळा करायच्या. पेलेटमध्ये (तळाशी बसलेल्या गोळ्यात) अडकलेलं आम्ल विसरू नका. १० मिलिमोलरचा दुबळा बफर त्याच्यापुढे टिकत नाही आणि फोडलेल्या द्रवाचा पीएच ५ च्या खाली गेला तर प्रथिनं गोळा होऊन बसतात. पेशी एकदा धुवा, आणि फोडल्यावर पट्टीने पीएच बघा. १ ग्रॅम ओल्या पेशी २ ग्रॅम ॲल्युमिनाबरोबर थंड खलात चिकट पीठ होईपर्यंत वाटा, मग २ मिली बफर: ट्रिस किंवा ट्रायइथेनॉलअमाइन २० मिलिमोलर पीएच ७.४, मॅग्नेशियम ॲसिटेट १० मिलिमोलर, अमोनियम क्लोराइड ४० मिलिमोलर, डीटीटी १ मिलिमोलर. ३०,००० जी, अर्धा तास, दोनदा. ॲल्युमिनाची बारीक भुकटी पहिल्या फेरीत पूर्ण जात नाही.

७०एस बघायचा असेल तर या द्रवात मॅग्नेशियम १८ ते २० मिलिमोलर करा आणि स्पर्मिन २ ते ३ मिलिमोलर घाला. मॅग्नेशियम आधी, स्पर्मिन नंतर, आणि थेंबाथेंबाने. एकदम ओतलं तर आरएनए ढगासारखा खाली येतो. स्पर्मिन टेट्राहायड्रोक्लोराइड वापरा. नुसतं स्पर्मिन जोरकस अल्कली आहे, ते तसंच टाकलं तर गरम बफरमध्ये आरएनए चिरला जातो. मग ७० अंशांच्या आसपास ५ ते १० मिनिटं तापवा, बर्फावर ठेवा, १ टक्का फॉर्मल्डिहाइडने बांधून घ्या आणि कमी वेगाने जास्त वेळ फिरवा. फॉर्मल्डिहाइड वापरायचं असेल तर ट्रिस नको. त्यातला अमिनो गट फॉर्मल्डिहाइड स्वतःच गिळतो आणि रायबोसोम मोकळेच राहतात; तिथे ट्रायइथेनॉलअमाइन किंवा हेपीस घ्या. बांधलेला नमुना फक्त बघण्यासाठी, त्याच्याकडून काम करून घेता येत नाही.

एवढं करूनही ५०एस मोठा आणि ७०एस खुजा राहिला तर एआयएफ६ तपासा. हे प्रथिन मोकळ्या ५०एसवर बसून ३०एसला जवळ येऊ देत नाही, आणि सल्फोलोबसच्या गटात उष्णतेच्या किंवा थंडीच्या धक्क्याने त्याचं प्रमाण वाढतं. पेशी गोळा करताना अर्धा तास खोलीच्या तापमानाला पडून राहिल्या असतील तर तो धक्का तुम्हीच दिलेला असतो.

गरम चाचण्यांत ट्रिसचा आणखी एक खोडसाळपणा आहे. दर अंशाला त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना ७.५ चा बफर ७५ अंशांना ६.१ होतो. हे दर वेळी वाईटच असतं असं नाही, कारण मॅग्नेशियम आणि ७५ अंश एकत्र आले की पीएच जितका जास्त तितका आरएनए लवकर तुटतो. पण खरा पीएच किती आहे हे माहीत असायला हवं. आत ६.५ असलेल्या जीवासाठी चाचणीच्या तापमानाला ६.५ ते ७ धरा.

पेलेट कसा दिसतो त्यावरूनही बरंच कळतं. चांगला रायबोसोम पेलेट काचेसारखा, जवळजवळ अदृश्य असतो. त्यावर दुधाळ किंवा तांबूस थर असेल तर ते पटल. बफरच्या हलक्या धारेने धुऊन टाका. सल्फोलोबसमध्ये एस-थराचे (पेशीच्या बाहेरच्या प्रथिन-कवचाचे) पत्रे आणि थर्मोसोम हमखास सोबत येतात. थर्मोसोम म्हणजे ६० किलोडाल्टनच्या आसपासच्या उपएककांचं दुहेरी कडं. ३०एसच्या अलीकडे खांदा दिसला आणि जेलवर ६० ला ठळक पट्टी आली तर तोच. ५०० मिलिमोलर ते १ मोलर अमोनियम क्लोराइड घातलेल्या ०.५ मोलर सुक्रोजच्या गादीतून एकदा काढलं की बराचसा जातो. मात्र मिठाची ही धुलाई भाषांतराचे घटकही धुऊन नेते. नंतर कामाची चाचणी करायची असेल तर वरचं द्रव फेकू नका, ते परत घालावं लागतं.

ईएल८ हे प्रथिन ग्रेडियंटच्या वरच्या फ्रॅक्शनांत सापडलं म्हणून रायबोसोम फुटले असं समजू नका. जुन्या लेखांत याचं नाव एल७एई. २०१४ च्या नव्या नामावलीत यू म्हणजे सार्वत्रिक, बी म्हणजे जीवाणूंचं, ई म्हणजे दृश्यकेंद्रकींशी सामायिक, अशी अक्षरं आली तेव्हा ते ईएल८ झालं. हे आरएनएच्या एका विशिष्ट वळणाला धरतं, आणि तसं वळण रायबोसोमबाहेरही आहे: १६एस-२३एसवर मिथिल गट कुठे लावायचा ते दाखवणाऱ्या सी/डी मार्गदर्शक आरएनएत, आरएनएझ-पीमध्ये. पायरोकॉकस फ्युरिओसस या उष्णताप्रिय आर्कियाच्या ७०एसच्या क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक रचनेत (२०१३) तर हे प्रथिन रायबोसोमवरच एकाहून जास्त जागी बसलेलं दिसलं. तेव्हा ‘एक रायबोसोम, एक ईएल८’ असं गणित धरून प्रमाण काढलंत तर ते बिघडेल.

आरएनएच्या घडणीतही अशीच एक फसवी जागा आहे. आर्कियांत १६एस आणि २३एस ज्या लांब पूर्वरूपातून निघतात, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोडांत ‘फुगा-खोड-फुगा’ अशी ठेवण असते. टी-आरएनएचे इंट्रॉन (मधे येणारे, कापून टाकायचे तुकडे) कापणारंच एन्झाइम ती कापतं आणि टोकं जोडली जाऊन पूर्व-१६एस, पूर्व-२३एस चक्क वर्तुळाकार होतात. त्यामुळे बाहेरच्या दिशेने तोंड केलेल्या प्रायमरच्या जोडीतून पीसीआरचं उत्पादन आलं तर ते जनुकाच्या ओळीने लागलेल्या प्रतींचं लक्षण नसून बहुधा हेच वर्तुळ असतं. डीएनएझ दिलेला आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेझ (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला नमुना शेजारी ठेवा, उलगडा होईल. उष्णताप्रिय क्रेनआर्कियांत (सल्फोलोबस ज्या शाखेत येतो तिच्यात) रायबोसोमल जनुकांत इंट्रॉनही असू शकतात (डेसल्फ्युरोकॉकस मोबिलिसच्या २३एसमधला ६२२ बेसजोड्यांचा आहे). सार्वत्रिक प्रायमर इंट्रॉनच्या जागेवर पडला तर पीसीआर रिकामा जातो आणि जीव नमुन्यात असूनही नाही असं वाटतं.

पॉलिसोम गोठवण्यासाठी प्रतिजैविकांवर विसंबू नका. क्लोरॅम्फेनिकॉल, स्ट्रेप्टोमायसिन, सायक्लोहेक्सिमाइड यांना बहुतेक आर्किया दाद देत नाहीत. एरिथ्रोमायसिन वर्गाचं कारण तर एका अक्षरात आहे: जीवाणूंच्या २३एसमध्ये २०५८ व्या जागी ए असतो, आर्किया आणि दृश्यकेंद्रकींत जी. हॅलोआर्क्युलात त्या जागी ए बसवल्यावर तिचा ५०एस ही औषधं पकडू लागला, आणि औषध नेमकं कसं बसतं याचं चित्र त्यातून मिळालं. ॲनिसोमायसिन हॅलोआर्कियांवर चालतं. प्युरोमायसिन टी-आरएनएच्या टोकाची नक्कल करत असल्याने तत्त्वतः सगळीकडे. हॅलोफेरॅक्सच्या रायबोसोम प्रोफायलिंगमध्ये (एम-आरएनएवर रायबोसोम कुठे बसलेत ते वाचणाऱ्या पद्धतीत) सुरुवातीच्या जागा शोधायला होमोहॅरिंगटोनिन वापरलं गेलं आहे. पण नुसते पॉलिसोम हवे असतील तर पेशी काही सेकंदांत गाळून द्रव नायट्रोजनमध्ये टाकणं हे कुठल्याही औषधापेक्षा बरं. जनुकनिवडीसाठी लागणारी औषधं म्हणूनच बहुधा रायबोसोमबाहेरची असतात: हॅलोफेरॅक्सला नोव्होबायोसिन किंवा मेव्हिनोलिन, थर्मोकॉकसला सिमव्हास्टॅटिन, सल्फोलोबसला युरॅसिलवरची निवड. मिथॅनोकॉकसला मात्र प्युरोमायसिन उत्तम चालतं. आणि ईएफ२ (रायबोसोमला एम-आरएनएवर पुढे सरकवणारा घटक) आर्कियाचं आहे का, याची जुनी नि खात्रीची खूण म्हणजे डिप्थीरियाचं विष: ईएफ२ वरच्या डिप्थामाइडला ते एडीपी-रायबोज चिकटवतं, जीवाणूंत डिप्थामाइड नसतो.

जीव निवडायची मोकळीक असेल तर मीठवाल्यांना रचनेच्या कामासाठी घेऊ नका. हे विचित्र वाटेल, कारण २००० मध्ये हॅलोआर्क्युलाच्या ५०एसच्या २.४ अँग्स्ट्रॉम रचनेनेच दाखवलं की पेप्टाइड बंध जुळवण्याच्या जागेजवळ प्रथिन नाही, ते काम आरएनए करतो. स्टाइट्झ यांच्या गटाचं ते काम आणि त्याआधी त्याच ५०एसचे स्फटिक वाढवण्यातली योनाथ यांची वर्षानुवर्षांची खटपट २००९ च्या नोबेलपर्यंत पोचली. पण ते स्फटिकांचं युग होतं. क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ३ मोलर क्षार म्हणजे धुकं, कण त्यात हरवतो. तिथे पायरोकॉकस, थर्मोकॉकस किंवा सल्फोलोबस बरे. जनुकं बदलून बघायची असतील तर हॅलोफेरॅक्सइतका सोयीचा कोणी नाही. ८५ अंश आणि ऑक्सिजनविरहित वाढीची सोय असेल तर थर्मोकॉकस कोडाकारेन्सिस दोन्हीकडे चालतो. तापमान वाढलं की त्याच्या आरएनएवरच्या सिटिडिनवर ॲसिटिल गट वाढत जातात, तेव्हा वाढीचं तापमान प्रत्येक वेळी नेमकं तेच ठेवा. ७५ आणि ९० अंशांवर वाढलेल्या पेशींचे रायबोसोम रासायनिकदृष्ट्या सारखे नसतात.

मोजमापासाठी ई. कोलायचेच आकडे घ्या: २६० नॅनोमीटरला १ एकक म्हणजे ७०एस सुमारे २४ पिकोमोल, ५०एस ३६, ३०एस ७२. आरएनएची लांबी जवळपास तीच असल्याने चूक फार होत नाही. २६० आणि २८० चं गुणोत्तर १.९ ते २.० च्या बरंच खाली असेल तर प्रथिन चिकटलेलं आहे, मागे जाऊन गादी पुन्हा करा. सल्फोलोबसच्या पॉली-यू चाचणीत (नुसत्या यू अक्षरांच्या आरएनएवरून फेनिलॲलनिनची साखळी बनवून घेण्याच्या चाचणीत) बाष्पीभवन रोखायला वरती खनिज तेलाचा थर द्या. शेवटी ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लात ९० अंशांना १० ते १५ मिनिटं तापवायला विसरू नका, नाहीतर टी-आरएनएवर अजून चिकटलेलं फेनिलॲलनिनच पॉलिपेप्टाइड म्हणून मोजलं जातं. एबीसीई१ वर काम असेल तर सगळं ऑक्सिजनविरहित पेटीत करा, कारण त्यातले दोन लोह-गंधक गुच्छ हवेत विरतात. साठवताना ५ ते १० मायक्रोलिटरचे भाग द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवून उणे ८० ला ठेवा आणि प्रत्येक भाग एकदाच वापरा. मीठवाल्यांचा भाग वितळवताना तळाशी पांढरे कण दिसले तर ते पोटॅशियम क्लोराइड असतं. नळी ३० अंशांना धरून ते पूर्ण विरघळू द्या, मगच पिपेट बुडवा.